फेनिटॉइनची लेव्हल आणि ‘१० ते २०’चा घोळ

फेनिटॉइन हे फिटवरचं औषध १९३८पासून वापरात आहे, पण रक्तातली त्याची लेव्हल मोजण्याची पद्धत बऱ्याच उशिरा रुळली. तोवर डोस ठरायचा तो फिट थांबल्या का आणि चालताना तोल जातो का, एवढ्यावरच. १९६८मध्ये ऑस्ट्रेलियात कॅप्सूलमधल्या कॅल्शियम सल्फेटच्या जागी लॅक्टोज घातलं गेलं. त्यामुळे औषध जास्त शोषलं गेलं आणि नेहमीच्याच डोसवर रुग्णांना विषबाधा झाली. १९७०च्या दशकात इम्युनोअसे (अँटिबॉडी वापरून औषध मोजण्याची पद्धत) आली आणि ही तपासणी साध्या लॅबपर्यंत पोचली.

तिच्यासोबत पसरला तो ‘थेरप्युटिक रेंज’ हा शब्द, म्हणजे औषध लागू पडतं असं मानलेली लेव्हलची मर्यादा. फेनिटॉइनसाठी १० ते २० मायक्रोग्रॅम प्रति मिली हा आकडा थोड्याच रुग्णांच्या निरीक्षणांतून आला, पण रिपोर्टवर छापला गेल्यावर तो नियमच होऊन बसला. लेव्हल ८ असतानाच फिट पूर्ण थांबलेल्या माणसाचा डोस केवळ रिपोर्टसाठी वाढवला जातो, आणि ते चूकच आहे. २००८च्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक सूचनांनी दोन गोष्टी वेगळ्या केल्या: लॅबने छापायची ती ‘संदर्भ मर्यादा’, आणि त्या रुग्णाला फिटपासून दूर ठेवणारी त्याची स्वतःची लेव्हल. रिपोर्टवर मात्र जुनाच शब्द अजून सर्रास दिसतो.

हा घोळ फेनिटॉइनमध्येच जास्त महागात पडतो. त्याचं विघटन करणारं यकृतातलं एन्झाइम लवकर अपुरं पडतं, त्यामुळे डोस ३००वरून ४०० मिलिग्रॅम केला की लेव्हल दुपटीवरही जाऊ शकते. वरच्या टोकाला २५-५० मिलिग्रॅमपेक्षा मोठी उडी नकोच. शिवाय सुमारे ९० टक्के औषध रक्तातल्या अल्ब्युमिन या प्रथिनाला चिकटलेलं असतं, आणि काम करतो तो उरलेला मोकळा भाग. अल्ब्युमिन कमी असेल तर मोकळ्या भागाचा वाटा वाढतो, म्हणून रिपोर्टचा आकडा दुरुस्त करावा लागतो. रिपोर्टवर लेव्हल ८ आणि अल्ब्युमिन २ ग्रॅम प्रति डेसिलिटर असेल तर ८ ला (०.२ × २ + ०.१) ने, म्हणजे ०.५ ने भागायचं. उत्तर १६. ‘कमी’ वाटणारी लेव्हल प्रत्यक्षात पुरेशी असते! (किडनी निकामी असेल तर सूत्र बदलतं.)

नमुना सकाळच्या गोळीआधी घ्यावा, आणि डोस बदलल्यावर दोन-तीन आठवडे थांबून. सीरम वेगळं करायला तळाशी जेल घातलेल्या ट्यूबमध्ये रक्त बराच वेळ राहिलं तर जेल औषध शोषून घेतं आणि आकडा खोटा कमी येतो.

अलीकडे लेव्हलचा खरा उपयोग दिसतो तो लॅमोट्रिजिन हे फिटवरचंच दुसरं औषध घेणाऱ्या गरोदर बाईत. तिची लेव्हल निम्म्याखालीही उतरू शकते, म्हणून दिवस राहण्याआधीच, फिट आटोक्यात असताना, एक लेव्हल करून ठेवावी. पुढचे आकडे तिच्याशीच ताडायचे. बाळंतपणानंतर दोन-तीन आठवड्यांतच लेव्हल परत चढते. तेव्हा वाढवलेला डोस वेळेत उतरवला नाही तर चक्कर येते, एकाचे दोन दिसू लागतात.