फराक्क्याला पोहोचलेले पाणी

भारत आणि बांगलादेश यांच्यातल्या गंगा-पाणीवाटप कराराची तीस वर्षांची मुदत १२ डिसेंबर २०२६ला संपते. नूतनीकरणाची सोय आहे, पण त्याला दोघांची संमती लागते. चर्चा सुरू झाली की गाडी हमखास 'कोणाला किती टक्के' यावर येते. खरी मेख टक्क्यांत नाही, पाणी कुठे मोजायचे यात आहे.

नागपुरात हे फार समजावून सांगावे लागत नाही. जुलै २०१९मध्ये शहराला एक दिवसाआड पाणी मिळत होते. महिना पावसाचा, आणि आमच्या ओट्याखाली मात्र उन्हाळ्यासारखे ड्रम भरून ठेवलेले. पेंच नदीवर वरच्या अंगाला, मध्य प्रदेशातल्या छिंदवाडा जिल्ह्यात, चौराईचे धरण उभे राहिले आणि शहराला पाणी देणाऱ्या तोतलाडोह धरणात येणारा ओघ आटला. त्यात पावसानेही दडी मारली. दोन राज्यांतला वाटपाचा करार तेव्हाही लागू होताच.

गंगेचा वाद मात्र देशांमधला आणि जुना. कोलकाता बंदरातला गाळ हटवायला गंगेचे पाणी तिच्याच हुगळी या फाट्याकडे वळवायचे, ही कल्पना ब्रिटिशांच्या काळातली. तिला पाकिस्तानने पहिली हरकत घेतली १९५१मध्ये. पश्चिम बंगालमध्ये, सीमेपासून जेमतेम १८ किलोमीटरवर, फराक्क्याचा बंधारा बांधून झाला आणि एप्रिल १९७५मध्ये सुरू झाला, तोवर पलीकडचा देशच बदलला होता. पहिली तडजोड ४१ दिवसांची होती. ती संपल्यावरही पाणी वळवणे चालूच राहिले. मे १९७६मध्ये नव्वदीच्या घरातल्या एका मौलानांनी, भाशानींनी, बांगलादेशातल्या राजशाहीहून फराक्क्याच्या दिशेने मोर्चा काढला आणि वर्षअखेरीस प्रश्न संयुक्त राष्ट्रांत गेला.

नोव्हेंबर १९७७च्या पाच वर्षांच्या करारात एक कलम होते, ज्याच्याभोवती पुढची सगळी बोलणी फिरत राहिली. एप्रिलच्या शेवटच्या दहा दिवसांत फराक्क्याला ५५,००० क्युसेक (म्हणजे सेकंदाला तितके घनफूट पाणी) येतील असे धरले होते. त्यातले ३४,५०० बांगलादेशचे, २०,५०० भारताचे. आणि नदी कितीही आटली तरी बांगलादेशला ठरलेल्या वाट्याच्या किमान ८० टक्के मिळणारच. हीच ती 'हमी'. १९८२च्या समझोत्यात ती गळली. तुटीचा भार सगळा एकानेच का सोसायचा, हे भारताचे म्हणणे गैर नव्हते. पण वरून पाणी कोण, किती उचलतो यावर खालच्या देशाचा काडीचा ताबा नसतो, आणि हमी त्याचीच भरपाई होती. ढाक्याला ती प्रिय का, हे आपल्याकडे फारसे कोणी लक्षात घेत नाही. १९८८नंतर तर आठ वर्षे कोणताच करार नव्हता.

१९९६चा करार १ जानेवारी ते ३१ मे या काळापुरता आहे, दहा-दहा दिवसांच्या टप्प्यांत. ओघ ७०,००० क्युसेकपर्यंत असला तर निम्मे-निम्मे. ७५,०००पर्यंत असला तर बांगलादेशला ३५,०००, उरलेले भारताला. त्याहून जास्त असला तर भारताला ४०,०००, बाकीचे खाली. फराक्क्याहून हुगळीकडे पाणी नेणाऱ्या फीडर कालव्याची क्षमताही ४०,०००चीच आहे. ११ मार्च ते १० मे या ऐन टंचाईच्या दिवसांत दोघांना आलटून-पालटून ३५,००० क्युसेक मिळतात.

हे सगळे आकडे फराक्क्याला पोहोचलेल्या पाण्याचे. १९४९ ते १९८८ या चाळीस वर्षांची सरासरी पायाला धरली. ती टिकावी म्हणून वरचा देश 'सर्वतोपरी प्रयत्न' करील, एवढेच लिहिले. ८० टक्क्यांच्या जागी हे दोन शब्द आले. न्यायालयात उभे राहणारे नव्हेत, पण त्यांच्याशिवाय सही झाली नसती. ओघ ५०,०००च्या खाली गेला तर दोन्ही सरकारांनी तातडीने बोलायचे, हेही कलम आहे. पहिल्याच हंगामात, मार्च १९९७मध्ये, त्याची वेळ आली.

पुढचे थोडक्यात. २०११मध्ये तिस्ता या दोन्ही देशांतून वाहणाऱ्या दुसऱ्या नदीच्या कराराचा मसुदा तयार होता, पण पश्चिम बंगालने ऐन वेळी नकार दिला. गंगेच्या नूतनीकरणातही त्या राज्याला विचारावे लागणार. एप्रिल २०२५मध्ये भारताने पाकिस्तानशी असलेला सिंधू पाणीवाटप करार स्थगित ठेवल्यापासून तर शेजारी प्रत्येक वाक्य दोनदा वाचतात.

करारानुसार दोन्ही देशांची पथके फराक्क्याला आणि खाली बांगलादेशात हार्डिंज पुलाशी रोज ओघ मोजतात. फराक्क्याच्या खूप वर, हरिद्वारहून १८५४पासून कालवा निघतो, नरोऱ्याहून दुसरा. कानपूर, पाटणा सगळे त्याच नदीवर. तिथे मोजणीचे पथक या करारात नाही.