बीटलच्या इंजिनाला थोडा जोर, पण आधी उष्णतेचा हिशेब

फोक्सवॅगन बीटलच्या हवेनं थंड होणाऱ्या '१६००' इंजिनात प्रत्यक्षात १५८४ सीसी असतात. सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला त्याची ताकद मिनिटाला ४००० फेऱ्यांना ५० अश्वशक्ती होती. आजच्या वेगवान रस्त्यांवर, विशेषतः चढावर, ती तोकडी पडते. म्हणून दुरुस्तीसाठी इंजिन खोललं की वाटतंच, खोललंच आहे तर थोडा जोर वाढवून घेऊ. जरूर घ्यावा. मात्र एक हिशेब आधी मांडावा.

चार-स्ट्रोक इंजिन दर दोन फेऱ्यांत एकदा स्वतःच्या सीसीइतकी हवा ओढतं. म्हणजे ४००० फेऱ्यांना मिनिटाला जवळपास ३२०० लिटर. सिलिंडर काही काठोकाठ भरत नाहीत. ८० टक्के धरले तर सुमारे ३ किलो हवा आत येते. एक किलो पेट्रोल पुरतं जाळायला १४.७ किलो हवा लागते, तेव्हा मिनिटाला २०० ग्रॅमच्या थोडं वर पेट्रोल जळतं आणि साधारण १५० किलोवॉट उष्णता निर्माण होते. ५० अश्वशक्ती म्हणजे फक्त ३७ किलोवॉट! बाकीचे शंभराहून जास्त किलोवॉट एक्झॉस्ट, सिलिंडर-हेडच्या (सिलिंडरवरच्या झाकणाच्या) फिन, म्हणजे उष्णता हवेत सोडणाऱ्या पातळ पट्ट्या, आणि तेल यांच्या वाटेनं बाहेर पडायला हवेत. ताकद वीस टक्के वाढवली की हा बोजाही जवळपास तेवढाच वाढतो. फिन आणि पंखा मात्र तेच राहतात, आणि तेल जेमतेम अडीच लिटर.

म्हणून पहिलं काम थंडाव्याचं. हेडच्या फिनांमध्ये ओतकामाच्या वेळी राहून गेलेले धातूचे पापुद्रे पुष्कळदा आढळतात. हेड उजेडासमोर धरलं की कुठली फट बुजली आहे ते दिसतं. बारीक कानशीनं ती मोकळी करता येते. सिलिंडरच्या खालचे वळणदार पत्रे जागेवर हवेतच, कारण हवेला सिलिंडरच्या पाठीमागच्या बाजूनं फिरवायचं काम ते करतात. इंजिनाच्या कडेचं रबर फाटलं असेल, तर खालची तापलेली हवा पुन्हा पंख्यात शिरते. जुन्या रचनेत ऑईल कूलर तिसऱ्या सिलिंडरच्या हवेच्या वाटेतच होता. तो सिलिंडर इतका तापायचा की कारखान्यानंच त्याचं टायमिंग, म्हणजे ठिणगी पडण्याची वेळ, थोडं मागे ठेवलं होतं. १९७१च्या मॉडेलपासून कूलर बाजूला सरकवला. ही नंतरची रचना जुन्या इंजिनावर बसवणं हा माझ्या मते सर्वांत शहाणा खर्च. याउलट क्रँकवरची, पंखा फिरवणारी पुली लहान करून 'ताकद वाढवणारी' म्हणून विकली जाते. ती ताकद वाचते ती पंखा हळू फिरल्यामुळे.

मग श्वास. मूळ इंजिनात मधोमध एकच सोलेक्स कार्बोरेटर, आणि तिथून दोन्ही बाजूंच्या सिलिंडरांकडे लांबलचक नळ्या. थंड नळीच्या भिंतीवर पेट्रोलचे थेंब जमतात, म्हणून एक्झॉस्टच्या उष्णतेनं ती मुद्दाम तापवलेली असते. आणि तापलेली हवा विरळ. प्रत्येक बाजूला एक कार्बोरेटर बसवला की वाट आखूड होते, आणि चारही सिलिंडरना मिश्रण सारखं मिळतं. गोम आहे ती दोन्हींना जोडणाऱ्या दांडीत. इंजिन तापलं की धातू प्रसरण पावतो, दोन हेडमधलं अंतर किंचित वाढतं, आणि थंडपणी जुळवलेले कार्बोरेटर गरम झाल्यावर एकमेकांशी फटकून वागतात. जुळवणी गरम इंजिनावर तपासावी. जेटही (कार्बोरेटरमधली पेट्रोल मोजून सोडणारी छिद्रं) लहान ठेवून भागत नाही. पेट्रोल कमी पडलेलं मिश्रण हेड आणखी तापवतं.

सोबत चांगला एक्झॉस्ट आणि १.१ऐवजी १.२५ गुणोत्तराचे रॉकर (कॅमशाफ्टची हालचाल व्हॉल्व्हपर्यंत पोचवणाऱ्या तरफा) घेतले, तर तोच कॅमशाफ्ट व्हॉल्व्ह सुमारे १४ टक्के जास्त उघडतो. एवढ्यावर साठ अश्वशक्तीच्या घरात पोचता येतं.

कॉम्प्रेशनचा, म्हणजे मिश्रण किती पट दाबलं जातं त्या गुणोत्तराचा, मोह मात्र आवरता घ्यावा. मूळ ७.५ होतं, कमी ऑक्टेनच्या पेट्रोलसाठी. ते ८.५ केलं तर इंजिनाच्या कागदावरच्या आदर्श चक्राची कार्यक्षमता ५५वरून ५७.५ टक्क्यांवर जाते, म्हणजे मूळच्या तुलनेत चारेक टक्के फायदा. पण तापलेल्या हेडमध्ये नॉकिंगचा, म्हणजे मिश्रण आपोआप भडकण्याचा, धोका वाढतो, आणि पंख्याच्या घरघरीत ती टकटक ऐकूही येत नाही.

राहिला सीसीचा प्रश्न. ८५.५ मिमीऐवजी ८७ मिमीचे सिलिंडर त्याच भोकात बसतात, आणि इंजिन १६४१ सीसीचं होतं. वाढ साडेतीन टक्के. त्यापायी सिलिंडरची भिंत पाऊण मिलिमीटरनं पातळ. ८८ मिमीचे तर तापल्यावर गोलाई सोडण्यासाठी बदनामच आहेत. खरा फरक ९०.५ मिमीला, १७७६ सीसीला पडतो, पण तिथे क्रँककेस आणि हेड दोन्ही मशीनवर कापावी लागतात, आणि मग काम 'थोडा जोर' या सदरात राहत नाही.