ऑर्कनीच्या व्होलचं माहेर

स्कॉटलंडच्या उत्तर टोकापासून सुमारे 16 किलोमीटरवर ऑर्कनी बेटं आहेत. तिथल्या गवतात व्होल नावाचा प्राणी बिळं करून राहतो. दिसायला उंदरासारखा, पण नाक बोथट, कान केसांत दडलेले आणि शेपूट आखूड. व्होलची ही जात युरोपच्या मुख्य भूमीवर जागोजागी सापडते, ब्रिटनच्या मोठ्या बेटावर मात्र कुठेच नाही. मग मधला अख्खा मुलूख सोडून ती ऑर्कनीत पोचली कशी?

1904 मध्ये निसर्गअभ्यासक जॉन मिले यांनी या व्होलची नवी जात म्हणून नोंद केली, पण पुढे तो युरोपातल्याच जातीचा ठरला. हिमयुगात समुद्र ओसरला तेव्हा तो चालत आला असावा, असंही काहींनी मानलं.

उलगडा केला तो मायटोकॉन्ड्रियातल्या, म्हणजे पेशीत ऊर्जा तयार करणाऱ्या भागांतल्या डीएनएने. हा डीएनए फक्त आईकडून मिळतो. त्यात पिढ्यान्‌पिढ्या क्वचित बारीकसे बदल होतात आणि लेकीकडून नातीकडे तसेच उतरतात. दोन ठिकाणच्या प्राण्यांमधले हे बदल ताडून पाहिले की माहेर कळतं. ऑर्कनीच्या व्होलचं माहेर निघालं आजच्या बेल्जियमच्या आसपास. बेटांवर सापडलेली त्याची सर्वांत जुनी हाडं सुमारे 5100 वर्षांपूर्वीची आहेत. तेव्हा चहूकडे समुद्रच होता, म्हणजे तो माणसाच्या, त्या काळच्या शेतकऱ्यांच्या होडीतूनच आला.

मला यातलं सगळ्यात मोलाचं वाटतं ते हे, की लिपी नसलेल्या त्या शेतकऱ्यांचा एवढा लांबचा सागरी प्रवास या इवल्याशा प्राण्याने आपल्या पेशींत जपून ठेवला. शिवाय एखादीच जोडी चुकून उतरली असती, तर आज सगळ्यांचा डीएनए जवळपास सारखाच असता. प्रत्यक्षात त्यात बरीच विविधता आहे, म्हणजे बऱ्याच संख्येने व्होल आले. गुरांच्या वैरणीत लपून आले असतील, किंवा मुद्दाम खायलाही आणले असतील. ऑर्कनीतल्याच स्कारा ब्रे या नवाश्मयुगीन वस्तीच्या मातीत व्होलची भाजलेली हाडं मिळाली आहेत, म्हणून दुसरी शक्यताही सोडून देता येत नाही.

याच बेटांवरच्या घरउंदरांचा डीएनए नॉर्वेच्या उंदरांशी जुळतो. ते बहुधा व्हायकिंगांच्या जहाजांतून आले.

व्होलला इथे घुबडांची आणि हॅरियर या शिकारी पक्ष्यांची भीती होती, पण बिळात शिरून मारणारा शिकारी नव्हता. 2010 मध्ये ऑर्कनीत स्टोट दिसला. मुंगसासारख्या लांबट अंगाचा हा चपळ शिकारी व्होलच्या बिळात सहज शिरतो.