कवटीतळाचा अस्थिमज्जाशोथ

बाह्य कर्णनलिकेत सुरू होऊन शंखास्थीमार्गे (कानाभोवतीच्या कवटीच्या हाडातून) कवटीच्या तळाच्या हाडांत पसरणारा विरळ, चिवट जंतुसंसर्ग. बहुधा उतारवयात, जुना मधुमेह असलेल्यांना होतो. बहुतेक रुग्णांत स्यूडोमोनस एरुजिनोझा हा जिवाणू सापडतो, काहींत ॲस्परजिलस ही बुरशी. वेळेत ओळखला नाही तर तो मेंदूची आवरणे आणि मेंदूतील शिरांपर्यंत पोहोचतो.

पहिल्या नोंदीचा मान कोणाला द्यायचा याबद्दल एकमत नाही. फ्रेंच वैद्य तुलमूश यांनी १८३८ मध्ये वर्णन केलेला, कानातून पू वाहणारा रुग्ण अनेक ग्रंथांत पहिला मानला जातो. मात्र या रोगाचा मुख्य जिवाणू गेसार यांनी वेगळा केला तो १८८२ मध्ये. त्यामुळे तुलमूश यांच्या रुग्णाचा जंतू कोणता होता, हे ठरवण्याचे साधनच त्या काळी नव्हते, आणि क्षय किंवा मध्यकर्णाचा साधा जुनाट शोथही तसाच दिसू शकतो. मेल्ट्झर आणि केलेमेन यांच्या १९५९ च्या वृत्तांतात शंखास्थीसह जबड्याचे व गालाचे हाडही बाधित होते आणि जंतूही ओळखलेला होता. म्हणून प्रारंभ तेथून धरणे अधिक सयुक्तिक वाटते. १९६८ मध्ये चँडलर यांनी १३ रुग्णांच्या आधारे रोगाचे संपूर्ण चित्र मांडले. त्यांतील जवळजवळ निम्मे दगावले होते, त्यावरूनच त्यांनी रोगाला ‘मॅलिग्नंट’ (घातक) म्हटले. हा शब्द एरवी कर्करोगासाठी वापरतात. हा कर्करोग नव्हे, हे रुग्णाच्या घरच्यांना आवर्जून सांगावे लागते. पण कर्णनलिकेचा कर्करोग हुबेहूब असाच दिसू शकतो, म्हणून मांसाचा तुकडा काढून तपासणे टाळू नये.

कर्णनलिकेचा बाहेरचा भाग कूर्चेचा (हाडाहून मऊ, लवचिक ऊतीचा), आतला हाडाचा. कूर्चेच्या तळाशी सांतोरिनी यांच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या बारीक फटी असतात. संसर्ग त्यांतून कवटीखालच्या मऊ भागात उतरतो आणि चेहऱ्याची नस कवटीतून जेथे बाहेर पडते त्या छिद्राशी येतो, त्यामुळे बहुधा सर्वांत आधी तीच लुळी पडते. तो आणखी आत सरकला की आवाज बसतो, घास अडकतो, जीभ एका बाजूला वळते. मधुमेहात सूक्ष्म रक्तवाहिन्या आकसलेल्या असतात आणि पांढऱ्या पेशींची जंतू मारण्याची ताकद कमी झालेली असते. मधुमेही व्यक्तीचा कान पिचकारीने पाणी मारून धुतल्यानंतर हा रोग झाल्याचेही वैद्यकीय वाङ्मयात नोंदले आहे.

विदर्भाच्या खेड्यांत कान ठणकू लागला की लसूण तळून गाळलेले कोमट तेल टाकतात, नाहीतर औषधाच्या दुकानातून थेंब आणतात. दोन्हींनी दिवस जातात. कापूस वेचणी ऐन भरात असेल तर दवाखाना आणखी लांबतो. पुढे तोंड वाकडे झाले की घरचे ते लकव्याचे समजतात आणि कानाचे दुखणे कोणी सांगतही नाही. म्हणून मधुमेही माणसाचे तोंड वाकडे झाले तर त्याच्या कानात डोकावून पाहिलेच पाहिजे. वेदना हीच खरी खूण : ती रात्री वाढते, जबड्याच्या सांध्याकडे जाते, भाकर चावताना कळ येते आणि कानात जेवढे दिसते त्याच्या मानाने फार तीव्र असते. आत पाहिल्यावर पडदा अनेकदा शाबूत असतो. मात्र नलिकेच्या तळाशी, कूर्चा आणि हाड मिळतात तेथे, लालसर ओलसर मांसांकुर (मऊ मांसाचा उंचवटा) दिसतो.

ग्रामीण रुग्णालयातही रक्तशर्करा आणि ईएसआर (रक्तातील तांबड्या पेशी खाली बसण्याचा वेग, जो शरीरात दाह असला की वाढतो) तपासता येतात. ईएसआर खूप वाढलेला असणे हा मोठा इशारा होय. पुवाचा नमुना प्रतिजैविक सुरू करण्यापूर्वी घ्यावा. आधी सिप्रोफ्लॉक्सासिनचे थेंब घातलेले असले की जंतू वाढत नाही आणि निदान अंधारात राहते. सीटी स्कॅनमध्ये हाडाची झीज दिसायला हाडातील सुमारे एक तृतीयांश खनिज नाहीसे व्हावे लागते, त्यामुळे सुरुवातीचा स्कॅन चांगला आला म्हणून निर्धास्त होऊ नये. मऊ भागातील पसारा एमआरआयमध्ये लवकर कळतो. टेक्नेशियम स्कॅन (किरणोत्सारी द्रव्य टोचून घेतलेले हाडांचे चित्र) रोग लवकर दाखवतो, पण बरे झाल्यावरही कित्येक महिने तसाच राहतो. उपचार कधी थांबवावा हे त्यावरून ठरवता येत नाही, त्यासाठी गॅलियम या दुसऱ्या किरणोत्सारी द्रव्याचा स्कॅन बरा. अशा तपासण्यांसाठी रुग्णाला वर्ध्याजवळच्या सेवाग्राम वा सावंगीच्या रुग्णालयाची किंवा नागपूरच्या ‘मेडिकल’ची (शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयाची) वाट धरावी लागते. सेवाग्रामचे महात्मा गांधी आयुर्विज्ञान संस्थान १९६९ पासून ग्रामीण रुग्णांसाठीच उभे आहे.

पूर्व विदर्भात सिकलसेलचे (तांबड्या रक्तपेशी कोयत्यासारख्या वाकड्या होणाऱ्या आनुवंशिक रोगाचे) रुग्ण बरेच आहेत. त्यांच्या हाडांत साल्मोनेला जंतूचा संसर्ग होतो, आणि रक्तपुरवठा तुटून हाडाचा भाग मरतो तेव्हाही तसेच दुखते व ताप येतो. तरुण सिकलसेल रुग्णाच्या कवटीवर दुखरी सूज आली तर या दोन्ही शक्यता तपासाव्यात. तो या नोंदीतील रोगाहून वेगळा आजार आहे.

उपचार किमान सहा ते आठ आठवडे चालतो. सेफ्टाझिडिम किंवा पिपरॅसिलिन-टॅझोबॅक्टम शिरेतून देतात. १९८० च्या दशकाच्या अखेरीस आलेल्या सिप्रोफ्लॉक्सासिनच्या गोळ्यांमुळे निवडक रुग्णांना घरी राहून उपचार घेणे शक्य झाले. या गोळ्या दूध, लोह वा कॅल्शियमच्या गोळ्या आणि आम्लपित्ताच्या औषधांसोबत घेतल्यास नीट शोषल्या जात नाहीत, हे घरी पाठवताना सांगितलेच पाहिजे. अलीकडे या औषधाला न जुमानणारे जंतूही सापडतात. शस्त्रक्रियेचे काम आता मृत ऊती काढणे आणि नमुना घेणे एवढ्यापुरते उरले आहे. उच्चदाब ऑक्सिजन उपचाराच्या उपयोगाचा पुरावा ठोस नाही.

बुरशी असल्यास व्होरिकोनॅझोल किंवा अँफोटेरिसिन-बी देतात. दुसऱ्याचा मूत्रपिंडावर दुष्परिणाम होत असल्याने रक्तातील क्रिएटिनिन (मूत्रपिंडाच्या कामाचा निर्देशक) आणि पोटॅशियम वरचेवर तपासावे लागते. मे २०२१ मध्ये म्युकरमायकोसिसची (‘काळ्या बुरशी’ची) साथ आली तेव्हा अँफोटेरिसिनच्या इंजेक्शनचा तुटवडा इतका होता, की वर्धा येथील एका औषध कारखान्यात त्याचे उत्पादन सुरू करावे लागले. म्युकर नाकातून डोळ्याकडे आणि मेंदूकडे काही दिवसांत धावतो, कवटीतळाचा अस्थिमज्जाशोथ मात्र आठवडे-महिने रेंगाळतो.

वेदना पहिल्या दोन-तीन आठवड्यांत ओसरतात, आणि नेमके तेव्हाच बरेच रुग्ण औषध सोडतात. रोग पुन्हा उलटतो तो बहुधा अशा अर्धवट उपचारानंतर, कधी वर्षभरानेही. म्हणून ईएसआर उतरून स्थिर होईपर्यंत औषध चालू ठेवतात आणि त्यानंतरही किमान वर्षभर रुग्णाला ठरावीक काळाने बोलावून तपासतात.