महामारीतील उपजीविका (बेळगाव सीमाभाग)

कोरोना साथीच्या टाळेबंदीत बेळगाव, खानापूर व निपाणी तालुक्यांतील गावांनी शेतमाल, मजुरी आणि उधारी यांची जी जुळवाजुळव केली, तिची ही नोंद. इथली भाजी, दूध गोव्याला जाते. हात कामाला पणजी, पुणे, मुंबई गाठतात. म्हणून २५ मार्च २०२० नंतर पहिला फटका रोगाचा नव्हे, कोगनोळी, बाची-शिनोळी आणि कणकुंबी इथल्या राज्यांच्या सीमेवरील तपासणी नाक्यांचा बसला.

भाजीत घाई पिकागणिक वेगळी. कोथिंबीर, मेथी काढल्या दिवशी खपली नाही तर गुरांपुढे जाते. कोबीचा तयार गड्डा आठवडाभर शेतात थांबतो, पण पाणी तोडावे लागते, नाहीतर फुटतो. मिरची तांबडी होऊ देऊन वाळवता येते. दुधाचे गणित आणखी अडचणीचे: म्हशीच्या लिटरभर दुधाचा साधारण २०० ग्रॅम खवा पडतो, पण कुंद्याची (खव्याच्या बेळगावी मिठाईची) दुकाने बंद झाल्यावर खव्याला गिऱ्हाईक उरले नाही. टिकते ते तूप, म्हणून लोणी काढून कढवणे हाच मार्ग. बेळगावातल्या वडगाव, खासबागच्या विणकरांच्या मागांवर लग्नसराईच्या साड्या पडून राहिल्या. सुताची उधारी मात्र चालूच.

परतलेल्या मजुरांना आधार रोजगार हमीचा. २०२०-२१ मध्ये कर्नाटकात दिवसाचा दर २७५ रुपये होता, गोव्यात २८०, पलीकडे महाराष्ट्रातल्या चंदगडला २३८. जॉबकार्डासाठी ग्रामपंचायतीत कुटुंबाची नोंद, मग कामाची लेखी मागणी. तारखेची पोच घ्यावीच, कारण १५ दिवसांत काम न मिळाल्यास बेकारी भत्ता तिच्यावरच मागता येतो. मजुरी हजेरीवर नाही, खोदलेल्या मातीच्या मापावर निघते. जांभ्याच्या कडक जमिनीत माप भरत नाही आणि दिवसाचा दर हाती येत नाही. कन्नड नोंदीतले नाव आधारशी जुळले नाही तर पैसे खात्यात पोहोचत नाहीत. शिवाय खानापूरच्या पश्चिमेला जूनच्या पावसात मातीकाम थांबते. मे महिन्यात परतून १४ दिवस विलगीकरणात काढलेल्यांच्या वाट्याला जेमतेम दोन-तीन आठवडे उरले, तेही भाताच्या धूळवाफ (पावसाआधी कोरड्या मातीत करायच्या) पेरणीशी वाटून घ्यावे लागले.

रेशनवर एप्रिलपासून माणशी ५ किलो जादा धान्य मोफत मिळाले. १ जानेवारी २०२० पासून कर्नाटकाचे कार्ड गोव्यातही चालायला हवे होते. त्यासाठी कार्डाला आधार जोडलेले आणि दुकानातल्या यंत्रावर अंगठा उमटणारा हवा. सिमेंट-मातीत काम करून झिजलेली बोटे तिथेच अडली.

कर्जाचे हप्ते पुढे ढकलायला रिझर्व्ह बँकेने दिलेली मुभा ३१ ऑगस्ट २०२० पर्यंत वाढली, पण त्या काळाचे व्याज चढतच राहिले.