मिठाला पाणी सुटतं तेव्हा सेन्सर चुकतो

हवेतली धूळ मोजणारं यंत्र हा मुंबईतल्या विज्ञान-अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांसाठी उत्तम प्रकल्प आहे. लागतं फार थोडं: पीएमएस ५००३ हा लेझर सेन्सर, त्याचे आकडे वाचणारा ईएसपी ३२ हा छोटा संगणक-बोर्ड आणि आर्द्रतेसाठी बीएमई २८० हा सेन्सर. सेन्सरला ५ व्होल्टच द्यावेत. कमी दिले की आतला पंखा मंदावतो आणि आकडा बिघडतो. सुरू केल्यानंतरची पहिली ३० सेकंदं हिशेबात धरू नयेत. जुळणी एका दुपारची. पण तो आकडा चाळीच्या फलकावर लावायचा तर आधी त्यावर विश्वास ठेवता यायला हवा.

हा सेन्सर धूळ तोलत नाही. पंखा हवा आत ओढतो, लेझरच्या झोतातून कण जातात, प्रकाश विखुरतो. विखुरलेल्या प्रकाशावरून कणांचा आकार आणि संख्या, त्यावरून वजन, असा सगळा अंदाज. सुक्या हवेत तो बऱ्यापैकी जमतो.

मुंबईची हवा सुकी नसते. लाटा फुटताना मिठाचे बारीक कण हवेत उडतात. पावसाळ्यात बरणीतल्या मिठाला पाणी सुटतं, तेच या कणांचं होतं. सापेक्ष आर्द्रता ७५ टक्क्यांवर गेली की मिठाचा कोरडा कण एकाएकी विरघळून थेंब होतो. ८० टक्क्यांना त्याचा व्यास मूळच्या सुमारे १.८ पट होतो, म्हणजे आकारमान जवळजवळ ६ पट. वाढलं ते पाणी, पण सेन्सरच्या लेखी ती धूळच.

खरी मेख पुढे आहे. आर्द्रता ७५ च्या खाली उतरली तरी थेंब सुकत नाही. त्याचा पुन्हा स्फटिक होतो तो सुमारे ४५ टक्क्यांवर. त्यामुळे ६० टक्के आर्द्रतेला कण कोरडा असेल की ओला, हे हवा दमट होत चालली आहे की सुकत, यावर ठरतं. खऱ्या हवेत मीठ, सल्फेट, काजळी असं सगळं मिसळलेलं असल्याने हा फरक इतका धारदार दिसत नाही. तरीही आर्द्रतेच्या नोंदीत ती चढती होती की उतरती, हे जरूर लिहावं.

सरकारी केंद्रांतली बीटा किरणांची यंत्रं हवा आत घेतानाच तापवून सुकवतात, मग फितीवर साचलेली धूळ किती किरण अडवते ते मोजतात. आपला सेन्सर परवानगी घेऊन अशा केंद्राशेजारी निदान दोन आठवडे ठेवावा, पावसाळ्यात एकदा आणि हिवाळ्यात एकदा. तासागणिक सरासरी जुळवून दुरुस्तीचं सूत्र काढावं. अमेरिकेतलं तयार सूत्र उचलू नये. तिथली धूळ वेगळी, दमटपणा वेगळा.

जागाही महत्त्वाची. स्वयंपाकघराच्या खिडकीशी फोडणीचा धूर मोजला जातो. सेन्सरच्या झरोक्यात कोळी जाळं विणतो, म्हणून एका डब्यात दोन सेन्सर ठेवावेत. दोघांचे आकडे फाकले की डबा उघडून बघावा.

हवनाने हवा शुद्ध होते, असं सांगणाऱ्यांसमोर हाच डबा ठेवावा. धूर झाला की आकडा झपाट्याने चढतो, कारण धूर म्हणजे मायक्रॉनहूनही लहान कणांचा लोटच. इथे दोष आर्द्रतेवर ढकलता येत नाही.

फलकावर क्षणाचा आकडा लिहू नये. पीएम २.५ ची, म्हणजे अडीच मायक्रॉनपर्यंतच्या बारीक कणांची, दुरुस्त केलेली २४ तासांची सरासरी लिहावी. शेजारी भारतीय मर्यादा ६० आणि जागतिक आरोग्य संघटनेची १५ मायक्रोग्रॅम प्रति घनमीटर, आणि खाली त्या दिवशीची आर्द्रता.