होमस्टेड कायदा

अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांतील सरकारी जमीन कसेल त्याला जवळजवळ फुकट देणारा संघीय कायदा. अध्यक्ष अब्राहम लिंकन यांनी २० मे १८६२ रोजी त्यावर सही केली आणि १ जानेवारी १८६३ पासून तो अमलात आला. ‘कसेल त्याची जमीन’ ही घोषणा आपल्याकडे जमीनदार आणि कूळ यांच्या संदर्भात आली. अमेरिकेत मात्र सरकारने वाटलेली जमीन कोणा जमीनदाराची नव्हती. ती मूळ रहिवासी जमातींकडून तह, सक्ती आणि युद्ध या मार्गांनी घेतलेली होती.

असा कायदा व्हावा, ही उत्तरेकडील राज्यांची जुनी मागणी होती. दक्षिणेतील गुलाममालकांचा तिला विरोध होता, कारण पश्चिमेचा मुलूख छोट्या शेतकऱ्यांनी भरला तर तेथे गुलामगिरीला थारा उरणार नव्हता. १८६० मध्ये काँग्रेसने (अमेरिकी संसदेने) मंजूर केलेले विधेयक अध्यक्ष ब्यूकॅनन यांनी नकाराधिकार वापरून परत पाठवले. पुढे यादवी युद्ध पेटले, दक्षिणेचे प्रतिनिधी काँग्रेस सोडून गेले आणि वाट मोकळी झाली.

कुटुंबप्रमुखाला किंवा २१ वर्षे पूर्ण झालेल्या व्यक्तीला १६० एकरांपर्यंत जमीन मागता येई. अर्जदार नागरिक असावा किंवा नागरिक होण्याचा इरादा त्याने नोंदवलेला असावा, आणि त्याने संयुक्त संस्थानांविरुद्ध शस्त्र उचललेले नसावे, अशा अटी होत्या. विधवा आणि अविवाहित स्त्रियांना अर्ज करता येई. नवऱ्याबरोबर राहणाऱ्या स्त्रीला सहसा नाही. चिनी मजुरांना नागरिकत्वच मिळत नसल्याने ते बाहेर राहिले. सगळे मिळून शुल्क सुमारे १८ डॉलर. पाच वर्षे जागेवर राहायचे, घर बांधायचे, जमीन वहितीखाली आणायची आणि शेवटी दोन साक्षीदार उभे करून मालकीपत्र घ्यायचे. ज्याला थांबायचे नसेल त्याला सहा महिन्यांनी एकरी सव्वा डॉलर भरून जमीन नावावर करता येई, आणि सट्टेबाज नेमके याच वाटेने घुसले. एकच चाकांवरचे घर भाड्याने आणून ते दावा केलेल्या एका जमिनीवरून दुसरीवर ढकलत न्यायचे आणि ‘घर बांधले’ अशी शपथ घ्यायची, असेही प्रकार घडले.

पहिला अर्जदार म्हणून नेब्रास्कातील डॅनियल फ्रीमन याचे नाव घेतले जाते. बीट्रिस गावाजवळ त्याच्या जमिनीवर आज राष्ट्रीय ऐतिहासिक उद्यान आहे. तेथल्या गवताळ माळांवर लाकूड जवळजवळ नव्हतेच. म्हणून गवताची मुळे घट्ट विणलेल्या जमिनीचे फूटभर रुंद पट्टे नांगराने कापत, त्यांचे तुकडे करत आणि गवताची बाजू खाली ठेवून विटांसारखे रचत. अशी मातीची घरे उन्हाळ्यात गार आणि हिवाळ्यात उबदार असत; पण पाऊस थांबला तरी छत गळतच राही, आणि वरून माती, उंदीर, क्वचित सापही पडत. म्हणून बायका छताखाली कापड ताणून बांधत. चुलीला रानगव्यांच्या रानशेण्या, त्या संपल्यावर मक्याची बुरकुंडे.

१६० या आकड्याचे मूळ शेतीत नसून मोजणीत आहे. १७८५ च्या भूमी अध्यादेशाने सरकारी मुलूख सहा मैलांच्या चौकोनांत आखला. प्रत्येक चौकोनाचे ६४० एकरांचे ३६ भाग, आणि अशा एका भागाचा चतकोर म्हणजे १६० एकर. मराठी वाचकाला हे क्षेत्र अवाढव्य वाटेल. इलिनॉय किंवा आयोवासारख्या पावसाच्या प्रदेशात ते एका कुटुंबाला पुरेसे होतेही. शंभराव्या पश्चिम रेखावृत्तापलीकडच्या बहुतेक भागात मात्र वर्षाला २० इंचही पाऊस पडत नाही. तेथे १६० एकर जिराईत जमिनीवर घर चालत नाही. भूवैज्ञानिक जॉन वेस्ली पॉवेल याने १८७८ च्या अहवालात हे स्पष्ट मांडले होते: कोरड्या भागात चराऊ शेत २,५६० एकरांचे हवे, आणि सीमा चौकोनांऐवजी पाण्याच्या सोयीने आखाव्यात. काँग्रेसने ते मनावर घेतले नाही. ‘नांगरामागोमाग पाऊस येतो’ हा जमीनविक्यांचा सिद्धान्त लोकांना जास्त आवडला, आणि मधली काही ओली वर्षे त्याला साक्षही देऊन गेली. १८८० च्या दशकाअखेर दुष्काळ पडला तेव्हा पश्चिम कॅन्ससमधली वस्ती झपाट्याने ओसरली.

हाच १६० चा आकडा १८८७ च्या डॉझ कायद्यात मूळ रहिवाशांवर लादला गेला. जमातीची सामाईक जमीन मोडून कुटुंबप्रमुखाला १६० एकर द्यायचे आणि उरलेली ‘जादा’ जमीन गोऱ्या वसाहतकऱ्यांना खुली करायची, अशी ती योजना होती. जमातींकडील जमीन १८८७ मधील सुमारे १३.८ कोटी एकरांवरून १९३४ पर्यंत ४.८ कोटींवर आली. ओक्लाहोमात २२ एप्रिल १८८९ रोजी दुपारी बाराच्या ठोक्याला हजारो लोकांनी घोडे आणि गाड्या पिटाळत जमीन बळकावली, तीही मूळ रहिवाशांसाठी राखलेल्या मुलखातलीच.

वसाहतीबरोबर पश्चिमेकडे सरकणारा सीमाप्रदेश १८९० मध्ये संपल्याचे पाठ्यपुस्तके सांगतात, पण या कायद्याखालची निम्म्याहून अधिक मालकीपत्रे १९०० नंतरची आहेत. आता उरली होती ती कोरडी जमीन. म्हणून १९०९ मध्ये मर्यादा ३२० एकर झाली, १९१२ मध्ये मुदत तीन वर्षांवर आली आणि १९१६ मध्ये चराईसाठी ६४० एकर मिळू लागले. म्हणजे पॉवेलच्या आकड्याचा चौथा हिस्सा, तोही ३८ वर्षांनी. पहिल्या महायुद्धात गव्हाला सरकारी हमीभाव मिळाला. तेव्हा माँटानातील शेतकऱ्यांनी कर्ज काढून माळ नांगरले. १९१७ पासून तेथे दुष्काळ आणि १९२० नंतर भाव कोसळलेला. त्या दशकात राज्यातल्या जवळजवळ निम्म्या बँका बुडाल्या. शहरांत शेअरबाजार चढत असताना या गावांत मंदी येऊन बसलेली होती.

एकूण सुमारे १६ लाख दावे पूर्ण होऊन २७ कोटी एकर जमीन खासगी मालकीत गेली. सरकारी माळ चराईसाठी राखणाऱ्या १९३४ च्या टेलर चराई कायद्यानंतर नवे वाटप जवळजवळ थांबले. मूळ कायदा १९७६ मध्ये रद्द झाला. अलास्काला मात्र आणखी दहा वर्षांची सवलत होती.